अंगठ्याखालची चामखीळ

अन्वरीनं तोवर अकरा बाळं न्हाऊ घातली होती. तीन पोटची, चार दिरांची, दोन नणंदेची आणि दोन त्या शेजारणीची, जिच्याशी तिचं कुंपणावरून वर्षानुवर्षं भांडण होतं. भांडण भांडणाच्या जागी, बाळाला काय त्याचं. पाय लांब पसरायचे, बाळाला पायांवर पालथं घालायचं, कोमट खोबरेल तेलानं पाठीपासून टाचेपर्यंत रगडायचं, मग उताणं करून छाती, नाक, कपाळ, टाळू. अकरापैकी एकाचंही डोकं चपटं राहिलं नाही, असं ती हर्णैच्या मोहल्ल्यात छातीठोकपणे सांगायची. कुणी शंका काढलीच तर आपल्या तिन्ही मुलांना बोलावून त्यांची डोकी दाखवायची.

बारावं बाळ मात्र अबू धाबीत झालं, अल रीम आयलंडवर, तेविसाव्या मजल्यावर. लेक सुमैय्याच्या लग्नाला सहा वर्षं झाली होती. दोनदा दिवस गेले आणि दोन्ही वेळा हाती काही लागलं नाही. मग ही यम्ना. अन्वरी साठ दिवसांच्या व्हिसावर आली ती दोन बॅगा भरून. डिंक, अळीव, सुंठ, घाण्याचं तेल, आणि नवऱ्यानं, म्हणजे बदरुद्दीननं, लेकीला भाजून खायला आवडतात म्हणून टरफलासकट बांधून दिलेल्या मूठभर काजूबिया. बाळंतिणीचे चाळीस दिवस पुरे करायचे, रोज नातीला न्हाऊ घालायचं आणि मग परत जायचं, एवढाच तिचा बेत होता.

नाळ पडली आणि न्हाणं सुरू झालं. न्हाणीघर कसलं, काचेची पेटी ती. अन्वरीनं पाय पसरले की पावलं दाराबाहेर जायची आणि पाणी थेट बेडरूमच्या गालिच्यापर्यंत. जावई झुबेर ऑफिसला जायच्या आधी गुमान फरशी पुसून घ्यायचा. सुमैय्या लंगडत लंगडत यायची, तिच्या टाचेला दोन वर्षांपासून कुरूप होतं, आणि दारात उभी राहून व्हिडिओ काढायची. पहिले दोन दिवस झकास गेले. तिसऱ्या दिवशी तिनं फोन खाली घेतला.

"अम्मी, तुझ्या अंगठ्याखाली हे काय आहे?"

"कुठं? ही होय. चामखीळ. झालं असेल दीडेक वर्ष. दुखत नाही, खुपत नाही."

बाळाला दुपट्यात गुंडाळून होईपर्यंत सुमैय्यानं फोनवर काय काय वाचून काढलं देव जाणे. वर बघितलं तेव्हा तिचा चेहरा उतरला होता.

"व्हायरस असतो हा. कॉन्टेजियस आहे अम्मी. स्पर्शानं पसरतो."

"अगो, दीड वर्षं तुझ्या अब्बांना याच हातानं भाकऱ्या थापून घालतेय. त्यांना नाही झालं काही."

"अब्बा न्यूबॉर्न आहेत का? सॉरी अम्मी, पण ती खलास होईपर्यंत यम्नाला हात नको लावूस. प्लीज."

ओरडली असती तर अन्वरीला उलट ओरडता आलं असतं. ती प्लीज म्हणाली, तेही रडवेल्या आवाजात, आणि सहा वर्षांनी झालेल्या मुलासाठी आई कशी घाबरते हे अन्वरीला कळत नव्हतं असं नाही. तिनं बाळाला पलंगावर ठेवलं आणि हात ओढणीखाली घेतले.

दुसऱ्या दिवसापासून यम्नाची आंघोळ झुबेरकडे गेली. निळा प्लास्टिकचा टब, त्यात पाण्याची उष्णता सांगणारं पिवळं बदक, आणि समोर टेकवलेल्या फोनवर कुठल्याशा गोऱ्या नर्सचा व्हिडिओ. माणूस गुणाचा होता, पण रगडणं नाही, तेल नाही, भाजी विसळून ठेवावी तसं करायचा आणि पाच मिनिटांत टॉवेलात. अन्वरी दाराशी उभी राहून बघायची. तिला रडू यायचं आणि त्याचा रागही यायचा. तिच्या परतीच्या तिकिटाला सदतीस दिवस उरले होते.

एवढी मसुराच्या दाण्याएवढी चामखीळ, तिला घालवायला असं कितीसं लागणार, असं तिला वाटलं. ती तरातरा खाली गेली.

इमारतीच्या तळमजल्यावर फार्मसी होती. तिथल्या मल्याळी पोरानं हिंदीत समजावून सांगितलं की हे ॲसिडचं औषध, रात्री हात गरम पाण्यात भिजवायचा, चामखीळ घासायची, मग दोन थेंब लावायचे. "कितने दिन?" अन्वरीनं विचारलं. "बारा हफ्ता, आंटी. कभी ज़्यादा." बारा आठवड्यांत ती हर्णैला पोचून, लेकीशी फोनवर चारदा भांडून, परत गोड झालेली असणार होती. तिनं बाटली घेतली तरी, आता खाली आलोच आहोत म्हणून.

मग झुबेर तिला स्किन क्लिनिकमध्ये घेऊन गेला. डॉक्टर समिधा नागपूरच्या निघाल्या. मराठी ऐकून अन्वरीला हायसं वाटलं. डॉक्टरांनी चामखिळीवर थंड वायूचा फवारा मारला, अन्वरीच्या डोळ्यांत पाणी आलं.

"फोड येईल. तो फोडायचा नाही, दुसरं काही लावायचं नाही. तीन आठवड्यांनी परत या, पुन्हा मारू. दोन-तीन सिटिंग लागतात."

"मग जाईल ना?"

"बहुतेक. काहींची जात नाही. काहींची काहीच न करता आपोआप जाते, सहा महिन्यांत, दोन वर्षांत."

अन्वरी गोंधळली. आपोआप जाते तर फवारा कशाला, आणि फवाऱ्यानंही जात नाही तर पैसे कशाला? लेझर म्हणून एक होतं, पण ते इन्शुरन्समध्ये बसत नव्हतं. सातशे दिरहम, म्हणजे सोळा-सतरा हजार रुपये, आणि तेही एकदाच करून भागेल याची हमी नाही.

"तुम्हाला घाई आहे का काही?" डॉक्टरांनी विचारलं.

आता इथं खरं सांगायचं होतं. पण पोटच्या लेकीनं आपल्याला नातीला हात लावू दिला नाही, हे परक्या बाईला कुठल्या तोंडानं सांगायचं? अन्वरी म्हणाली, "छे, घाई कसली."

घरी येताना लिफ्टमध्ये शेजारची उर्मिला भेटली. तिनं अन्वरीच्या अंगठ्याखालची पट्टी बघितली आणि कपाळाला हात लावला. "ताई, हे जाळणं-बिळणं कशाला करून घेतलंत? आमच्या रेयांशच्या सात होत्या, होमिओपॅथीनं गेल्या. आतून जायला हवी ती. वरून काही म्हणजे काही लावायचं नाही, आणि कांदा बंद." संध्याकाळी तिनं साबुदाण्यासारख्या गोळ्यांची डबी आणून दिली. माणूस प्रेमानं देतंय तर नाही कसं म्हणायचं.

रात्री बदरुद्दीनचा फोन आला. बायकोच्या हाताला परदेशात फवारे मारतात हे ऐकून त्याचा पारा चढला.

"त्या थंड हवेनं काय होतंय? काजूबिया दिल्यात ना मी? एक भाज, टरफलातून तेल सुटेल, ते टाचणीच्या टोकानं लाव. माझ्या बापाची चार दिवसांत गळून पडली. आणि ऐक, मी आजच दर्ग्यात मीठ ठेवून आलोय तुझ्या नावानं. आता तू त्या चामखिळीकडे बघायचं नाहीस. बघितलंस की नवस फुकट."

"अहो, न बघता तेल कसं लावू?"

"चाचपून लाव," बदरुद्दीन म्हणाला आणि त्यानं फोन ठेवला.

अन्वरी पलंगावर बसून राहिली. फार्मसीतला म्हणतो भिजव आणि घास. डॉक्टर म्हणते हात लावू नकोस. उर्मिला म्हणते वरून काही नको, नवरा म्हणतो वरूनच लाव, पण बघू नकोस. त्यात झुबेरनं नेटवर वाचून सांगितलं की नुसती जाड चिकटपट्टी आठ दिवस लावून ठेवली तरी जाते. सगळी शिकलीसवरलेली माणसं, सगळ्यांनी कुणाची तरी गेलेली बघितलेली. खोटं कुणाला म्हणायचं? बाळंतपणात हात घालताना तिला आयुष्यात कधी असा प्रश्न पडला नव्हता. तिथं काय करायचं ते हातांना ठाऊक असायचं.

शेवटी तिनं ठरवलं की सगळंच करायचं. एक नाही तर दुसरं लागू पडेल. सकाळी उर्मिलाच्या गोळ्या, दुपारी ॲसिडचे दोन थेंब, रात्री चिकटपट्टी, आणि हे सगळं शक्य तितकं दुसरीकडे बघत. चार दिवसांनी तिथं टपोरा फोड आला. तो फवाऱ्याचा होता, डॉक्टरांनी सांगितलेलाच, पण अन्वरीला वाटलं चामखीळच वाढली. तिनं दोनाचे चार थेंब केले. हात रात्रभर ठणकायचा. ती कुणाला बोलली नाही. दुखतंय म्हणजे काम होतंय, अशी तिनं आपल्या मनाची समजूत घातली.

पलीकडच्या खोलीत यम्ना रडायची तेव्हा तिचे हात आपोआप पुढे जायचे. मग ती ते मागे घ्यायची आणि स्वयंपाकघरात जाऊन सुमैय्यासाठी डिंकाचे लाडू वळायची, तेही डाव्या हातानं, वेडेवाकडे. सुमैय्या ते लाडू बघायची आणि खाऊन टाकायची. तिलाही झोप नव्हती. बाळाला ताप तर नाही ना, हे बघायला ती रात्री सहा-सहा वेळा उठायची.

यम्ना सव्वीस दिवसांची झाली त्या सकाळी झुबेर ऑफिसला गेला होता आणि सुमैय्या नि यम्ना झोपल्या होत्या. तिकिटाला बावीस दिवस. अन्वरीनं काजूबी काढली. इथली शेगडी काचेची, ज्वाळा नाही काही नाही, नुसती लाल होते. तिनं चिमट्यानं बी त्यावर दाबून धरली. आधी काहीच होईना, मग एकदम टरफल चुरचुरलं, काळं तेल सुटलं आणि डोळे झोंबणारा धूर उठला. हर्णैला हे अंगणात करतात. अन्वरीनं घाईघाईनं तेल टाचणीवर घेतलं, नवसाची आठवण ठेवून तोंड फिरवलं आणि चाचपून लावलं. फोडावर लावलं की आजूबाजूला, तिला कळलं नाही. पण लागलं असं की तिच्या तोंडून आवाज फुटेना.

तेवढ्यात छताला लावलेला धुराचा भोंगा सुरू झाला. मग बाहेरचा. मग अख्ख्या मजल्याचा, आणि वर एक बाई इंग्रजीत आणि अरबीत इमारत रिकामी करा म्हणून सांगायला लागली.

सुमैय्या बाळाला छातीशी धरून धावत बाहेर आली. केस सुटलेले, एका पायात चप्पल, टाचेमुळे धड पाऊलही टेकवता येत नव्हतं. धूर बघितला, आईला बघितलं, आणि काही विचार न करता तिनं दोन्ही हातांनी यम्नाला पुढे केलं.

"अम्मी, घे हिला. मला जिने नाही उतरता येणार. तू घेऊन पळ."

पंधरा दिवस अन्वरी याच एका वाक्यासाठी जीव पाखडत होती. तिचे हात पुढे गेले. आणि तिला उजव्या हाताची बोटं दिसली, काळ्या तेलानं माखलेली, ज्या तेलानं चामडी जळते ते तेल.

ती दोन पावलं मागे सरकली. "नको. माझ्या हाताला काजूचं तेल लागलंय. नको देऊस माझ्याकडे."

भोंगा वाजत होता, यम्ना किंचाळत होती, आणि अन्वरी भिंतीला टेकून हात पाठीमागे लपवत होती. मग उर्मिला आली, तिनं खिडकी उघडली, वॉचमन आला, त्यानं शेगडीवरची काजूबी बघितली आणि ती बॉम्ब असावा तसा वॉकीटॉकीवर तिच्याबद्दल बोलला. पाच मिनिटांत सगळं शांत झालं. सुमैय्यानं आईचा हात ओढून पुढे घेतला. अंगठ्याखाली रुपयाएवढी जागा कच्ची, लालभडक, कडेनं काळी झाली होती.

"हे काय केलंस तू अम्मी?"

"सगळं केलं," अन्वरी म्हणाली, आणि मग मात्र तिला रडू फुटलं.

दुपारी दोघी बाळाला घेऊन डॉक्टर समिधांकडे गेल्या. डॉक्टरांनी हात बघितला आणि सगळी कहाणी ऐकून घेतली. ॲसिड, गोळ्या, चिकटपट्टी, काजू, आणि न बघण्याचं पथ्य. त्यांना हसावं की रागवावं कळेना.

"अहो, पण मी विचारलं होतं तुम्हाला, घाई आहे का म्हणून."

सुमैय्यानंच खालच्या आवाजात सांगितलं. "मी तिला बेबीला हात लावू नको म्हटलं होतं."

"का? पट्टी लावून झाकायची, हात स्वच्छ धुवायचे. बाळाला खुशाल घ्यायचं. पहिल्या दिवशी मला सांगितलं असतंत तर त्याच संध्याकाळी घेतलं असतंत." डॉक्टर जखम पुसता पुसता बोलत होत्या, त्यामुळे त्यांनी दोघींचे चेहरे बघितले नाहीत. "आता मात्र नाही. आता ही जखम आहे. पाणी नको, तेल नको, चांगली कातडी येईपर्यंत. तीन-चार आठवडे धरून चाला."

बावीस दिवस. अन्वरीनं मनात आकडा मांडला आणि पुसून टाकला. सुमैय्या चप्पल काढत म्हणाली, "डॉक्टर, आलेच आहे तर माझं कुरूप पण बघता का? कॉर्नच्या पट्ट्या लावून थकले."

डॉक्टरांनी टाच दिव्याखाली घेतली. वरून दाबलं तर सुमैय्या गप्प. मग दोन्ही बाजूंनी चिमटीत धरलं तर कळवळली. डॉक्टरांनी पात्यानं वरची जाड कातडी खरवडली. खाली काळे काळे ठिपके दिसले.

"हे कुरूप नाही. चामखीळच आहे. तळपायाची आत दबते, म्हणून लोक कुरूप समजतात. किती दिवस झाले?"

"दोन वर्षं," सुमैय्या म्हणाली, आणि तिची नजर आईच्या हाताकडे गेली.

अन्वरीची दीड वर्षाची. दोन वर्षांपूर्वी सुमैय्या महिनाभर हर्णैला आली होती, दुसऱ्यांदा पोट रिकामं झाल्यावर. तेव्हा अन्वरी रोज रात्री लेकीचे पाय मांडीवर घेऊन तेल लावायची. उजव्या अंगठ्यानं टाचा दाबायची. सुमैय्या बोलायची नाही, नुसती पडून राहायची. तेवढ्यानं तिला झोप लागायची.

"माझ्याकडून अम्मीला गेली का?" सुमैय्यानं विचारलं.

"कुठून आली ते कुणीच सांगू शकत नाही," डॉक्टर म्हणाल्या. "जिम, स्विमिंग पूल, कुठूनही."

टॅक्सीत अन्वरीच्या मनात तोच तो हिशोब फिरत होता, पण तो बोलून दाखवायची तिची छाती झाली नाही, आणि लेकीच्या मनातही तोच आहे हे तिला न बघता कळत होतं. घरी आल्यावर यम्ना दुधासाठी रडायला लागली. सुमैय्या पलंगाच्या कडेला बसून राहिली, हात मांडीवर.

"घे की तिला."

"मी कशी घेऊ अम्मी? माझ्याकडेही तेच आहे. सव्वीस दिवस मी हिला घेतेय, त्याच बाथरूममध्ये जातेय. तुला दूर ठेवलं आणि स्वतः..."

आता मात्र अन्वरीचं डोकं फिरलं. पंधरा दिवसांचं सगळं साचलेलं एकदम बाहेर आलं. "तू काय पायानं दूध पाजतेस तिला? डॉक्टरीणबाई काय म्हणाली ऐकलंस ना? झाका आणि धुवा. मोजा घाल पायात आणि घे पोरीला. तुला आई हवीय तशी तिलाही हवीय."

सुमैय्यानं बाळाला घेतलं. रडत होती, पण घेतलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी झुबेर निळ्या टबात बदक सोडत होता, तेव्हा अन्वरी आत आली. पाय घासूनपुसून धुतलेले, सलवार गुडघ्यांपर्यंत वर. उजवा हात बॅंडेजवर प्लास्टिकची पिशवी चढवून मनगटाशी बांधलेला. ती काचेच्या पेटीत जमिनीवर बसली, पाय दाराबाहेर लांब केले आणि सुमैय्याला म्हणाली, "ठेव तिला इथं."

"पण अम्मी, तुझा हात..."

"पाय धड आहेत माझे. हात तू लाव. तुझे हात धड आहेत ना?"

सुमैय्या मोजा चढवलेला पाय जपत समोर स्टुलावर बसली. यम्नाला आजीच्या नडग्यांवर पालथं घातलं. तेल जास्त पडलं, बाळ सटकतंय की काय म्हणून ती दचकली, झुबेर दारातून म्हणाला, "जपून." अन्वरीनं त्याला हातानंच गप्प केलं.

"मणक्यावर नाही. दोन्ही बाजूंनी, अंगठ्यांनी. वरून खाली. असं नाही, अगो, असं." तिनं पिशवीतला हात उचलला आणि परत खाली ठेवला. अकरा बाळं न्हाऊ घालताना तिला हे कधी तोंडानं सांगावं लागलं नव्हतं, आणि शब्द सापडत नव्हते. "पोळीचं पीठ मळतेस ना, त्याच्यापेक्षा हलकं. आणि भ्यायचं नाही. मोडत नाही ती."

यम्ना आधी कोकलली. मग सुमैय्याच्या अंगठ्यांना हळूहळू वाट सापडली आणि बाळ गप्प झालं, गाल आजीच्या पायावर टाकून डोळे मिटायला लागलं. तिचा ओला, गरम श्वास अन्वरीच्या नडगीला लागत होता. तेवढाच काय तो स्पर्श.

"तुझा हात बरा झाला की तू कर अम्मी," सुमैय्या म्हणाली. वर बघायचं धाडस तिला झालं नाही. "तुझ्यासारखं नाही येत मला."

"हात बरा होईल तेव्हा मी हर्णैला असेन," अन्वरी म्हणाली. "म्हणून तर सांगते, नीट शिकून घे."

सुमैय्याचे हात थांबले.

"थांबू नकोस," अन्वरी म्हणाली. "पोरीला गार लागेल."